‘करून टाका, बिलात बघू’: एका वसतिगृहाचं फायनल बिल

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातली जुनी शिक्षणसंस्था. मुलींची संख्या वाढली, भाड्याची इमारत पुरेना, म्हणून स्वतःचं वसतिगृह बांधायचं ठरलं: तळमजला आणि वर दोन मजले. आर्किटेक्ट पुण्याचे, कंत्राटदार गावचेच. आयटम रेट कंत्राट (प्रत्येक बाबीचा दर ठरलेला, पैसे मोजमापाप्रमाणे), रक्कम २.८६ कोटी, जीएसटी वेगळा, मुदत १२ महिने. नावगाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काही आकडेही किंचित हलवले आहेत.

करारनामा बरा होता. पण त्यातली निम्मी कलमं सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्याच्या निविदेवरून उतरवलेली, आणि उतरवणाऱ्याने ती समजून घेतली नव्हती. पुढे उपयोगी पडतील अशी चार कलमं इथेच सांगतो. एक, जादा काम फक्त आर्किटेक्टच्या लेखी आदेशाने आणि संस्थेच्या मंजुरीने. दोन, एखाद्या आयटमचं परिमाण सव्वापटीपुढे गेलं तर पुढच्या कामाचा दर नव्याने ठरेल. तीन, उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड, कमाल पाच टक्के. चार, वाद झाल्यास संस्थेचे अध्यक्ष लवाद नेमतील.

मला बोलावलं ते काम संपून चार महिने झाल्यावर. फायनल बिल अडकलेलं, बोलणं बंद पडलेलं. मोजमापं तपासून दोघांना मान्य होईल असा आकडा सुचवायचा, एवढंच माझं काम. लवाद म्हणून नेमणूक नव्हती.

खड्डा उघडला तेव्हा

माती परीक्षणाच्या नावाखाली दोन खड्डे घेतले होते, दीड-दीड मीटरचे, दोन्ही प्लॉटच्या मधोमध. त्यावरून फुटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पायाची, खोली १.८ मीटर धरली. जानेवारीअखेर जेसीबी लागला आणि पूर्वेच्या बाजूला दोन मीटरवरही काळी माती संपेना. गावातल्या एका म्हाताऱ्या गड्याने सांगितलं, इथून पूर्वी ओढ्याचा फाटा जायचा, शाळेचं मैदान करताना बुजवला. मुरूम लागला तो ३.१ मीटरवर, आणि खड्ड्यात पाणी. पश्चिमेला नेमकं उलटं. १.२ मीटरवरच काळा पाषाण. शेजारी शाळा भरलेली, त्यामुळे सुरुंग लावायची सोय नाही. पोकलेनला ब्रेकर लावून फोडण्याशिवाय इलाज नव्हता.

काळ्या मातीवर फुटिंग टेकवायचं नाही, हे आपल्याकडे गवंड्यालाही कळतं. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्याबरोबर इमारत हलते. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने, म्हणजे इमारतीच्या मजबुतीचा हिशेब करणाऱ्या इंजिनीअरने, दोन पर्याय तपासले: अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले, जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब), किंवा फुटिंग मुरमापर्यंत खाली नेणं. पाइलचं यंत्र एवढ्याशा कामासाठी यायला तयार नव्हतं. म्हणून फुटिंग खाली न्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता. पण नवा नकाशा हातात यायला सात आठवडे गेले.

निर्णयाची पहिली जागा ही. कंत्राटदारांपुढे दोन वाटा होत्या. काम थांबवून लेखी कळवायचं: जमीन निविदेतल्यासारखी नाही, दर ठरवा, मुदत वाढवा. किंवा पश्चिमेचा दगड फोडत राहायचं आणि नकाशाची वाट बघायची. त्यांनी दुसरी वाट धरली. का, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, ‘सरांनीच काम दिलं मला. त्यांना पत्र पाठवायचं म्हणजे कोर्टाची नोटीस दिल्यासारखं दिसतं.’

सर म्हणजे संस्थेचे तेव्हाचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. कंत्राटदार त्यांचेच विद्यार्थी. कराराच्या पुस्तकात या गोष्टीला कलम नसतं, पण तालुक्याच्या गावात निम्मे तंटे या मुलाहिज्यातून उभे राहतात. शहरातल्या कंपनीला पत्र पाठवणं म्हणजे रोजचं टपाल. इथे पत्र म्हणजे रुसवा.

आर्किटेक्टही यातून सुटत नाहीत. सुधारित फुटिंगचा नकाशा त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली दोन शब्द: ‘साइटप्रमाणे करणे.’ आदेश नाही, जादा खर्चाचा अंदाज नाही, मुदतीबद्दल अक्षर नाही. संस्थेला वाटलं नकाशा बदलला, पैसे नाहीत. कंत्राटदारांना वाटलं नकाशा आला म्हणजे मंजुरी आली.

दुसरा मजला

पुढच्या जानेवारीत दुसऱ्या मजल्याचं प्लास्टर संपत आलं होतं. मूळ नकाशात तिथे एक लांब अभ्यासिका. सचिव एका दुपारी साइटवर आले, हॉलमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, अभ्यासाला शाळेचे वर्ग आहेत की, इथे चार खोल्या काढा, स्वतंत्र संडास-बाथरूमसह.

‘सर, हे एक्स्ट्रा होईल.’

‘अहो, होऊ द्या. तुम्ही काय परके आहात? करून टाका, बिलात बघू.’

हा संवाद मला दोघांनीही स्वतंत्रपणे जवळजवळ शब्दशः सांगितला. म्हणजे काय बोललं गेलं यावर वाद कधीच नव्हता.

बाथरूमसाठी मुळात सखल स्लॅब लागतो. इथे स्लॅब सपाट पडून गेलेला, म्हणून पाइप झाकायला वरून भराव करावा लागणार होता. कंत्राटदारांनी नेहमीचा मार्ग घेतला: भाजक्या विटांच्या तुकड्यांचा कोबा. पंधरा दिवसांनी आर्किटेक्टबरोबर आलेल्या कन्सल्टंटने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हा बोजा स्लॅबच्या हिशेबात नव्हता. कोबा काढून हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांचा भराव करायला सांगितला, आणि आठवड्याने दुसऱ्या मजल्याचा आर-३ क्रमांकाचा, म्हणजे तिसऱ्या सुधारणेचा, नकाशा आला.

इथे कंत्राटदारांची बाजू लंगडी पडते. खोल्या करायला सचिवांनी सांगितलं हे खरं, पण स्लॅबवर किती वजन टाकायचं हे सचिवांना विचारायचं नसतं. एक फोन कन्सल्टंटला केला असता तर कोबा पडलाच नसता.

वाद पेटला कसा

जूनच्या मध्यावर, म्हणजे साडेसतरा महिन्यांनी, इमारत ताब्यात दिली. त्याच सुमारास संस्थेची निवडणूक झाली आणि विश्वस्त मंडळ बदललं. नवे सचिव व्यापारी, हिशेबाला पक्के. ऑडिटरने त्यांना सांगितलं की जादा कामाचा एकही ठराव इतिवृत्तात नाही. यात त्यांचा दुष्टावा मला दिसला नाही. सार्वजनिक न्यासाचा पैसा आहे, उद्या धर्मादाय कार्यालयात उत्तर यांनाच द्यायचं आहे.

फायनल बिलात कंत्राटदारांनी चार जादा मागण्या लावल्या: दगडखोदाई ६.१६ लाख, पूर्वेची खोल फुटिंग आणि पाणीउपसा ९.४० लाख, दुसऱ्या मजल्याचा बदल ७.८५ लाख, आणि रेंगाळलेल्या कामाची नुकसानभरपाई ११.६० लाख. एकूण ३५ लाखांवर. संस्थेने उलट उशिराचा पूर्ण पाच टक्के दंड, १४.३० लाख, कापून घेतला. अनामतही नेमकी तेवढीच संस्थेकडे अडकलेली. पत्रात वाक्य होतं: ‘लेखी आदेश दाखवा, पैसे घेऊन जा.’

त्या पत्रानंतर सिमेंटच्या दुकानदाराने कंत्राटदारांची उधारी थांबवली. बातम्या गावात अशाच फिरतात.

पुढचे मार्ग

लवादाचा मार्ग होता. पण अध्यक्षांनी एकट्याने लवाद नेमायचा हे कलम टिकणारं नव्हतं. निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकतर्फी लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. म्हणजे आधी उच्च न्यायालयात नेमणुकीचा अर्ज. त्यानंतर बाजू मांडून झाल्यापासून निवाड्याला १२ महिने, संमतीने आणखी ६. वादाची रक्कम दोन्ही बाजू मिळून ४९ लाखांच्या घरात. १९९६ च्या लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीचा दर धरला तर एकट्या लवादाचं शुल्कच २.३० लाखांच्या आसपास जातं, वकील वेगळे.

दिवाणी दाव्याचा विचार कोणी केला नाही. मात्र तीन वर्षांची मुदत चालू आहे, बोलणी चालू राहिली म्हणून ती आपोआप थांबत नाही, हे मी कंत्राटदारांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

तिसरी सूचना गावातल्या एका वजनदार माणसाची: ‘अर्ध्यावर तोडा.’ ऐकायला सोपी. पण अर्ध्यावर तोडायचं म्हटलं की पुढच्या वेळी प्रत्येक जण मागणी दुप्पट फुगवून आणतो. शिवाय विश्वस्तांना ठरावात लिहायला कारण काय? ‘अर्धे दिले’ हे ऑडिटरपुढे कारण होत नाही.

उरला तो मार्ग कष्टाचा होता. एकेक आयटम वेगळा काढायचा, आधी परिमाण ठरवायचं, मग दर, आणि हक्क आहे की नाही हा प्रश्न सर्वांत शेवटी. दोन्ही बाजू याला तयार झाल्या, कंत्राटदार थोड्या नाराजीने.

काय केलं

दगडापासून सुरुवात केली. बीओक्यूत (कराराला जोडलेल्या कामांच्या परिमाण-दर यादीत) कठीण दगडाची खोदाई होती फक्त ४० घनमीटर, दर २,३५० रुपये. परिमाण थोडं असलं की कंत्राटदार दर मोकळ्या हाताने लावतात, कोणी बघत नाही. बिलात आले २६२ घनमीटर. अर्ध्या खड्ड्यांच्या लेव्हल दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या होत्या, त्या जुळल्या. उरलेल्या भागाचं मोजमाप दगडाच्या थप्प्यांवरून केलेलं: ९६ घनमीटर. पण थप्पीत पोकळी असते. प्रचलित पद्धतीत तिच्यासाठी ५० टक्के वजावट करतात. ती केलीच नव्हती. कंत्राटदारांचा सुपरवायझर माझ्यासमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसला, दोनदा गुणाकार केला, आणि म्हणाला, ‘साहेब, हे माझंच चुकलं.’ ४८ गेले, राहिले २१४.

आता दर. सव्वापट म्हणजे ५० घनमीटर जुन्या दराने, पुढचे १६४ नव्या दराने. बी-१ च्या मूळ कलमात अशा वेळी शासनाच्या दरसूचीचा आधार आहे. आपल्या करारात नक्कल करताना तेवढी ओळ गळाली होती, त्यामुळे नवा दर कशावरून काढायचा हे कुठेच नाही. संस्था म्हणे ७८०, कंत्राटदार २,३५० वर ठाम. ब्रेकरच्या भाड्याच्या पावत्या मागवल्या. तासाला १,६०० रुपये, तासाला सरासरी १.६ घनमीटर दगड, म्हणजे घनमीटरला १,०००. कोपरे छिन्नीने काढणं आणि सफाईचे १५०. त्यावर १५ टक्के. आकडा आला १,३२२, लिहिला १,३२०. ब्रेकरवाल्याच्या पावत्या मळलेल्या, तेलकट होत्या. पण अख्ख्या प्रकरणात त्यांच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नव्हता. दगडाचे एकूण ३.३४ लाख.

खोल फुटिंगवर फारसं भांडण झालं नाही. काँक्रीट आणि सळई नकाशावरून मोजता येते, दर करारातलेच. अडलं ते पाणीउपशावर. पंप ४२० तास चालला असं बिल, नोंदवही नाही. डिझेलच्या पावत्यांवरून २४० तास बसले, तेवढे धरले. पंप खरोखर किती तास चालला हे आता कोणालाच ठाऊक नाही. या बाबीत ८१ हजार कमी होऊन ८.५९ लाख राहिले.

मग दुसरा मजला. इथे संस्थेचे वकील उठून बसले: लेखी आदेश नाही, विषय संपला. कंत्राटदारांच्या वकिलांनी करार कायदा, १८७२ मधलं कलम ७० काढलं. फुकट करायच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून, रीतसर करार नसताना बांधलेल्या शेडचे पैसे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली याच कलमाखाली मान्य केले होते. पण संस्थेचा मुद्दाही पोकळ नव्हता. कलम ७० चालतं ते करार त्या विषयावर गप्प असेल तिथे. इथे करार गप्प नव्हता, जादा काम कसं सांगायचं हे त्यात लिहिलेलंच होतं.

या पेचात दोन तास गेले. चहा दोनदा झाला. मी सहज म्हणून आर-३ नकाशा पुन्हा उलगडला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातला बदलांचा तक्ता वाचायला घेतला. अक्षर एवढं बारीक की चष्मा कपाळावर सारून कागद नाकाशी न्यावा लागला. आर-१ पुढे ‘फुटिंग’, आर-२ पुढे ‘जिना’, आणि आर-३ पुढे: ‘क्लायंटच्या सूचनेनुसार हॉलऐवजी चार खोल्या.’ तारीख, आर्किटेक्टची सही. नकाशाची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात आवक शिक्क्यासह पडून होती. लेखी आदेश म्हणावा असा कागद कित्येक महिने त्यांच्याच कपाटात होता.

नव्या सचिवांनी तो कोपरा दोनदा वाचला. ‘म्हणजे आमच्याकडे आला होता तर,’ एवढंच म्हणाले. त्यानंतर हक्काचा प्रश्न मिटला, रकमेचा उरला. कोबा टाकण्याचा आणि काढण्याचा खर्च, १.५३ लाख, मी कंत्राटदारांच्या माथी ठेवला. राहिले ६.३२ लाख.

उशिराचा हिशेब

चोवीस आठवड्यांचा उशीर. साइटची हजेरी आणि सिमेंट रजिस्टर समोर ठेवून आठवडे वाटले. सुधारित नकाशाचे सात. त्यामुळे भराव आणि प्लिंथचं काम ऐन पावसात गेलं, त्याचे पाच. दुसऱ्या मजल्याचे चार. हे सोळा कंत्राटदारांचे नव्हेत. उरलेले आठ त्यांचेच: सेंटरिंगची टोळी दिवाळीला गावी गेली ती लवकर परतलीच नाही, आणि सिमेंट रजिस्टरमध्ये ती पानं जवळजवळ कोरी आहेत.

आठ आठवड्यांचा दंड कराराप्रमाणे चार टक्के, म्हणजे ११.४४ लाख होतो. पण करार कायद्याच्या कलम ७४ खाली ठरलेला दंड ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, आणि नुकसान मोजता येण्याजोगं असेल तर ते दाखवावं लागतं. संस्थेचं नुकसान मोजता येत होतं: जुन्या इमारतीचं भाडं, महिना ६५ हजार. दोन महिन्यांचे १.३० लाख. शिवाय मुदत उलटल्यावर संस्थेने दंडाचा शब्दही न काढता चार रनिंग बिलं (काम चालू असतानाची बिलं) चुकती केली होती. त्याच कायद्याचं कलम ५५ (उशिराचं काम स्वीकारताना भरपाईची सूचना दिली नाही तर ती नंतर मागता येत नाही) पाहता हे त्यांच्या विरोधात गेलं असतं. कंत्राटदारांनी ११.६० लाखांची मागणी सोडली. त्यांच्याकडे मुदतवाढीचा एकही अर्ज नव्हता, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

निकाल

जादा कामाचे मिळून १८.२५ लाख, त्यातून १.३० लाख वजा: १६.९५ लाख अधिक जीएसटी. अडवलेले दंडाचे १४.३० लाख मोकळे. अनामत दोष-दायित्व कालावधी, म्हणजे बांधकामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर. विश्वस्तांनी आयटमवार तक्ता जोडून ठराव केला, स्टॅम्प पेपरवर तडजोडपत्र झालं, पैसे दोन हप्त्यांत. पहिल्या बैठकीपासून सह्यांपर्यंत अकरा आठवडे लागले.

जुने सचिव सह्यांच्या दिवशी आले नाहीत. आपल्या शब्दाचा असा पंचनामा झाला याचं त्यांना वाईट वाटलं असं ऐकलं. कंत्राटदार त्या संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी जाऊन आले.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त दुरुस्ती खड्डा उघडण्याच्या आधीची. प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच खड्डे, कठीण थर लागेपर्यंत, घेतले असते तर ओढा आणि पाषाण दोन्ही निविदेतच आले असते. दगडाचं परिमाण ४० ऐवजी २०० लिहिलं गेलं असतं, आणि त्यावर कोणी २,३५० चा दर भरला नसता.

पत्र लिहायला मन धजत नसेल तर साइट ऑर्डर बुक असतं. या साइटवरही होतं, तीन प्रतींचं, कार्बन लावलेलं. सतरा महिन्यांत त्यात नोंदी तीन, त्यातली एक विटांच्या दर्जाबद्दल. ‘आज सरांनी साइटवर येऊन चार खोल्या करण्यास सांगितले, खर्च व मुदत वाढेल’ एवढं लिहून वही पुढे केली असती, तर माझा अंदाज आहे की सरांनी सही केली असती. ते मुख्याध्यापक होते, वहीवर सही करायची त्यांना सवय होती.

आर्किटेक्टनी ‘साइटप्रमाणे करणे’ऐवजी अंदाजी जादा रक्कम लिहिली असती, तर संस्थेची मासिक सभा त्यावर बोलली असती. मी हे त्यांना सांगितलं. नकाशे काढायचे पैसे मिळतात, पत्रांचे नाही, असं ते म्हणाले.

आणि माझं. पहिल्या बैठकीत मी दोन्ही बाजूंना म्हणालो, आपापले कागद टेबलावर ठेवा. कंत्राटदारांकडे ठेवायला काही नव्हतं. ते मान खाली घालून बसले, दुसऱ्या दिवशी फोन उचलेनात, आणि त्यात तीन आठवडे वाया गेले. सुरुवात मोजायची टेप घेऊन साइटवर करायला हवी होती. दगडाच्या खड्ड्यापाशी ते न अडखळता बोलत होते.